अनुभव : खरा आणि खोटा

गेल्या एकादशीस चिंचपोकळीच्या एका जुन्या चाळीत आमचे प्रवचन झाले. चाळीच्या तिन्ही अंगांना आता उंच इमारती उभ्या आहेत. हिचेही दिवस भरत आले असे मंडळी म्हणतात. प्रवचन आटोपले, आरती झाली, फराळाचे द्रोण फिरू लागले, तेव्हा एक शिक्षिका बाई पुढे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बुवा, एक विचारू का?"

"विचारा की," आम्ही म्हणालो.

"मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. लहानपणी मलाच गणित येत नव्हतं. पाढे म्हणताना घाम फुटायचा. आता वर्गात एखाद्या पोराला भागाकार जमला नाही, की त्याच्या पोटात काय होत असेल ते मला बरोबर कळतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसते. पण शेजारच्या वर्गाच्या बाई आहेत, त्यांनाही लहानपणी जमत नव्हतं, त्यांनीच सांगितलं मला. आणि त्या मुलांना फार टोचून बोलतात. म्हणतात, मी नाही का शिकले रडतरडत? एकाच दुखण्यातून आम्ही दोघी गेलो बुवा. मग असं कसं झालं?"

आम्ही उत्तर दिले. प्रारब्ध, संस्कार, स्वभाव असे चार शब्द त्यात होते. बाईंनी ते नम्रपणे ऐकून घेतले आणि द्रोण घेऊन त्या उठल्या. त्यांचे समाधान झाले नाही, हे आम्हांस दिसले. आमचेही झाले नव्हते. वाचकहो, त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते शोधण्याचा यत्न या पाठात केला आहे.

परमार्थात 'अनुभव' या शब्दाला आपण फार मोठे आसन देतो. पुस्तकी ज्ञान वेगळे, अनुभवाचे ज्ञान वेगळे, असे कीर्तनातून आम्हीच शेकडो वेळा सांगितले असेल. ज्याने सोसले तोच सांगू जाणे, हेही आपले ठरलेले वाक्य. पण पाठशाळेत तर्कसंग्रह घोकताना एक गोष्ट शिकलो होतो, तिचा आम्हांस पुढे कित्येक वर्षे विसर पडला. अन्नंभट्टाने त्या लहानशा ग्रंथात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत : एक स्मृती, दुसरा अनुभव. पूर्वीच्या संस्कारातून उठते ती स्मृती. त्याहून वेगळे ते सारे ज्ञान म्हणजे अनुभव. आणि लागलीच पुढे त्याने अनुभवाचेही दोन भाग पाडले आहेत : यथार्थ आणि अयथार्थ. म्हणजे अनुभव खोटाही असतो! शिंपल्याच्या तुकड्यावर ऊन पडले आणि पाहणाऱ्याला रुपे दिसले, तर 'दिसले' एवढे खरे. पण तेथे रुपे नव्हते. शास्त्रात याला विपर्यय म्हणतात. पाहणारा लबाड नसतो. तो शपथेवर सांगेल की मी डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच त्याची समजूत घालणे कठीण.

आता हेच सोसण्याला लावून पाहू. एका मुलाने मार खाल्ला आणि त्याला विद्याही आली. या दोन्ही गोष्टी घडल्या, त्यात संशय नाही. पण मोठेपणी तो म्हणू लागतो, 'मार खाल्ला म्हणून विद्या आली.' हा 'म्हणून' कोठून आला? तो त्याच्या अनुभवात नव्हता. तो शिंपल्यावरचा रुप्याचा भास होय. शेजारच्या वर्गाच्या त्या बाईंचे बहुधा असेच झाले असावे. त्या परक्या आहेत, त्यांच्याविषयी अधिक बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्याविषयी आहे.

आमचे वडील गिरणीत साचेवाले होते. घाटावरून आलेले. मामा कीर्तनकार, त्यांच्या शब्दावरून आम्हांस नवव्या वर्षी एका पाठशाळेत घातले गेले. ती कोणती, कोठली, हे सांगण्याचे कारण नाही. तेथे आम्ही पुष्कळ शिकलो आणि त्याचे ऋण आहे. पण गुरुजींचा हात फार सैल होता. संथा देताना गुरुजी एकदा म्हणत, शिष्याने दोनदा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी एकेकाने उभे राहून ती परत द्यायची. ऱ्हस्वदीर्घ चुकला की छडी, आणि छडीहून वाईट म्हणजे नाव ठेवणे. आमचा 'ण' ठिकाणावर बसत नसे. वर्षभर आम्हांस आमच्या नावाने कोणी हाक मारली नाही; ज्या शब्दात आम्ही चुकलो होतो तो शब्दच आमचे नाव झाला. आठ वर्षांनी तेथून निघालो तेव्हा 'ण' पक्का झाला होता.

१९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. लालबाग, परळ, चिंचपोकळी, भायखळा, एवढ्या सगळ्या वस्तीला भोंग्याने उठायची सवय. ते भोंगे गप्प झाले. पहिले काही महिने लोक उमेदीत होते. मग दागिने गेले, भांडी गेली, पुष्कळ कुटुंबे गावी परतली. जी राहिली त्यांच्या घरातली मुले दिवसभर गॅलरीत आणि रस्त्यावर. तेव्हा भजनी मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले की या पोरांसाठी संध्याकाळी हरिपाठाचा वर्ग भरवावा, आणि शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. आमचे वय पंचविशीच्या आसपास. संस्कृत शिकलेले म्हणून चाळीत आम्हांस मान होता, आणि तो मान, खरे सांगावयाचे तर, थोडा चढलाही होता.

हरिपाठ ही एकत्र म्हणावयाची गोष्ट. टाळ धरून, ओळीने उभे राहून, एकाच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज मिसळून ती म्हणतात. पण आम्ही काय केले? पाठशाळेत जसे होते तसे केले. एकेकाला उभे करायचे आणि म्हणवून घ्यायचे. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील संपात घरी बसलेले, आई चार घरची धुणी करी. मुलगा बोलताना अडखळे. पहिल्या अक्षरावर अडकला की मान ताठ होई, डोळे मिटत, आणि अक्षर काही सुटत नसे. सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र तो कधीच अडखळला नाही. हे आम्ही कानांनी ऐकत होतो! आज आम्हांस ठाऊक आहे की अडखळून बोलणारी माणसे बहुधा गाताना किंवा अनेकांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळत नाहीत. वाचेचे दोष पाहणारे वैद्यही हेच सांगतात. म्हणजे त्या पोराला जेथे जीभ मोकळी मिळत होती अशी बहुधा एकच जागा त्या वस्तीत होती, आणि ती आमच्या वर्गात होती.

आम्ही त्याला एकट्याला उभे केले. एकदा, दोनदा नव्हे, महिनाभर. मुले हसत. आम्ही हसण्याला आळा घातला नाही, उलट त्याच्या अडखळण्यावरून त्याला एक नाव दिले. आमची प्रामाणिक समजूत अशी की लाजेने त्याची जीभ सुटेल. आमचा 'ण' नव्हता का सुटला? एके दिवशी आम्ही त्याला म्हणालो, "आधी जीभ धुऊन ये, मग देवाचं नाव घे." तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

चार-सहा दिवस गेले. आमचे वडील, आबा, दारात बसून तंबाखू मळत होते. संपाने रिकामे झालेले हात. त्यांनी विचारले, "ते पोरगं दिसत नाही रे?" आम्ही झाले ते सांगितले; थोडे ऐटीतच सांगितले असावे. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तुला साच्यावर शिकाया घेतला असता, आन् पहिला धागा तुटला तवा असा बोललो असतो, तर तू दुसऱ्या दिवशी खात्यात पाऊल टाकलं असतंस का?"

आम्ही म्हणालो, "आबा, विद्या वेगळी, गिरणी वेगळी."

"असंल," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

त्यांच्या शिकण्याची हकीकत आम्हांस पुढे कळली, तीही त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका म्हाताऱ्याकडून. गिरणीत नवा माणूस पुस्तकावरून शिकत नसे. गावचा कोणी आधी लागलेला असे, त्याच्याजवळ उभे राहून तो शिके. धागा तुटला की साचा थांबवायचा, तुटलेली टोके शोधायची आणि बोटांनी गाठ मारून ती सांधायची. गाठ अशी की कापडात दिसू नये आणि ओढीला सुटूही नये. आबांना पहिला आठवडाभर ती गाठ जमेना. जॉबर आईबापांवरून शिव्या देई. पण त्यांचे एक चुलते त्याच खात्यात होते. ते मागे येऊन उभे राहत, आबांच्या बोटांवर आपली बोटे ठेवीत आणि त्यांच्याच बोटांनी गाठ मारवीत. तोंडाने काही बोलत नसत. त्या गोंगाटात बोललेले ऐकूही येत नसे म्हणा. तो म्हातारा म्हणाला, "तुझ्या आबानं मागनं गावची वीसएक पोरं तशीच तयार केली. हातावर हात ठेवून."

येथे जरा थांबावे, कारण बाईंच्या प्रश्नाची गाठ येथेच आहे. आबांना दोन्ही अनुभव आले होते. जॉबरची शिवी खाल्ली होती आणि चुलत्याचा हातही लाभला होता. पुढे आपण शिकविणारे झालो तेव्हा या दोहोंतले काय पुढे द्यायचे, हे त्यांनी निवडले. जॉबरने जे दिले ते त्यांनी आपल्यापाशी संपवून टाकले. आम्हांसही पाठशाळेत निव्वळ छडीच मिळाली असे नाही. तेथला स्वयंपाकी रात्री आम्हांस चुलीपाशी बसवी आणि 'ण' म्हणताना स्वतःच्या तोंडात जीभ कोठे लागते ते बोट घालून दाखवी! तो निरक्षर होता, पण आमचा 'ण' खरोखर सुटला तो त्याच्या चुलीपाशी. आणि इतकी वर्षे आम्ही त्याचे श्रेय छडीला देत होतो. अयथार्थ अनुभव म्हणतात तो हाच.

त्या मुलाच्या घरी आम्ही गेलो. जायला दोन महिने लावले, हे लपवीत नाही. खोलीला कुलूप होते. शेजारच्या बाईंनी सांगितले, "गेली ती सगळी गावी. कोकणात, कुठे ते ठाऊक नाही." त्यानंतर तो आम्हांस भेटला नाही.

संतचरित्रांकडे या दृष्टीने पाहावे, म्हणजे एरवी सपाट वाटणाऱ्या गोष्टींना धार येते. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे ही संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडली. विद्येच्या आणि संस्काराच्या दारात त्यांना अडविले गेले. असा मनुष्य पुढे विद्वान झाला तर त्याने काय करावे? दार लावून घेण्याचा अधिकार आता त्याच्या हाती आलेला असतो. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशास गीता मराठीत सांगितली आणि दारच काढून टाकले. पण त्यांनाही हे फुकट साधले नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईंना बाहेर उभे राहून समजूत घालावी लागली, अशी कथा ताटीच्या अभंगांमागे सांगतात. आम्हांस त्या कथेत दिसते ते असे : सोसलेले गोड होण्यापूर्वी आंबतेही, आणि तेव्हा बाहेरून कोणी हाक मारणारे लागते.

तुकोबांचे तर घरच व्यापाराचे आणि सावकारीचे. इ. स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. त्यात पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, दुकान बुडाले. हाती काय उरले तर लोकांकडून येणे असलेल्या पैशाची खते. बुडालेल्या सावकाराने आधी वसुली करावी, हा जगाचा न्याय. तुकोबांनी भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. त्यांच्या मागची भूक त्यांना कळली, कारण ती घरी येऊन गेली होती. परंतु भूक त्या वर्षी कितीतरी सावकारांच्या ओळखीची झाली असेल. सगळ्यांनी खते नदीत टाकली नाहीत.

आता श्रीगाडगेमहाराज. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण ते आमच्याच धंद्याचे, म्हणजे कीर्तनकार. आणि त्यांच्याइतका स्वच्छ अनुभव आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी खंगून लवकर वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, दापुऱ्यास भावाकडे आली. तेथे डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, शेत राबविले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. कागदावर काय लिहिले आहे ते घरात कोणाला वाचता येत नव्हते. अंगठे उठत गेले आणि जमीन गेली. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा पंक्तीतून केवढी कुरकुर झाली ते चरित्रकारांनी वर्णिले आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले.

यापुढचे आपणांस ठाऊक आहे : अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि गाडगे, दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. पण त्या कीर्तनात ते काय सांगत ते पाहा. दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला. ताट मोडावे लागले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शिकवा. यातले एकेक वाक्य त्यांच्या घरातल्या एकेका दुःखाच्या उंबऱ्यावरून उठून आलेले आहे. दारू म्हणजे वडील, कर्ज म्हणजे मामा, शाळा म्हणजे तो न वाचता आलेला कागद.

आता बारकाई अशी. गाडगेबाबा स्वतः निरक्षर. हजारो माणसे त्यांच्या पायांशी लोटत. मोठमोठे पुढारी आणि विद्वान त्यांचा मान राखीत. त्यांना सहज म्हणता आले असते की, पाहा, मी कोठे शिकलो? शाळेवाचून माझे काय अडले? असे म्हणणारे साधू आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचा अनुभवही डोळ्यांनी पाहिलेलाच असतो! बाबांनी आपल्या मोठेपणाला आपल्या निरक्षरतेचे फळ मानले नाही. त्यांनी तो शिंपला उचलून हातात घेतला आणि हे रुपे नव्हे, असे सांगितले. आपण कोणाचे गुरू नाही आणि कोणी आपला शिष्य नाही, असे ते म्हणत, तेही याच जातीचे.

आणि त्यांची शिकविण्याची रीत. ते उपदेश फार थोडा करीत, प्रश्न विचारीत. वऱ्हाडी बोलीत, साधे प्रश्न, ज्याचे उत्तर शेवटच्या रांगेतल्या गुराख्यालाही येईल. सगळा समाज एका आवाजात उत्तर देई, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ते शेवटचे. ते जरूर ऐकावे. एकट्याला उभे करून 'सांग' असे कोठेही नाही. सगळे मिळून सांगतात, आणि ज्याला येत नव्हते त्यालाही वाटते की आपल्याला येत होते. आम्ही ते प्रथम ऐकले तेव्हा हरिपाठाच्या वर्गातला तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत महाराज कालवश झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर.

मदतीविषयी लिहिल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. १९९७ च्या सुमारास आबा आजारी पडले आणि परळच्या एका रुग्णालयात आमच्या खेपा सुरू झाल्या. कर्करोग. जन्म त्याच भागात गेलेला, पण त्या इमारतीच्या आत शिरलो की दिशा कळेना. कोणता कागद, कोणती खिडकी, कोणाला विचारावे? तिसऱ्या दिवशी विदर्भातला एक शेतकरी आमच्या शेजारी बाकावर बसला. त्याची मंडळी आजारी होती आणि दोघे दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत उतरले होते. कर्करोगाच्या रोग्यांची आणि त्यांच्या माणसांची तेथे सोय होते. आमच्या हातातले कागद पाहून तो म्हणाला, "हा तिकडचा नाही जी, हा खालच्या खिडकीचा. सकाळी साडेसातला उभं राहा, म्हणजे लवकर होते. अन् पाण्याची बाटली ठेवत जा संग." एवढेच. त्याने आम्हांस धीर धरा म्हटले नाही, देवावर हवाला ठेवा म्हटले नाही. आम्ही कीर्तनकार, धीर देण्याचे सारे शब्द आमच्या पदरी होते, आणि त्यातला एकही त्या बाकावर कामाला आला नाही. खिडकीचा पत्ता आला. तो माणूस अठरा दिवसांपूर्वी तेथेच असाच भांबावून उभा होता, म्हणून त्याला ठाऊक होते की भांबावलेल्याला प्रथम काय लागते.

धर्मशाळेचेही तसेच आहे. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी, गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. उघड्यावर, झाडाखाली, पावसात रात्र काढणे काय असते ते स्वतः काढल्यावाचून हे सुचत नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. इमारत बांधली, पण तिच्यात आपले आसन मांडले नाही.

उलट बाजूही सांगतो. संपाच्या दिवसांतच आमच्या चाळीतल्या एका बाईंचे यजमान वारले. त्या खानावळ चालवीत. गिऱ्हाईक सगळे गिरणीचे, तेव्हा खानावळही बसलेली. आम्ही भेटीस गेलो. नुकतीच आमची आई गेली होती. बाईंना बरे वाटावे म्हणून आम्ही आमचे दुःख सांगू लागलो : कसे अंधारल्यासारखे झाले, मग नामाने कसा आधार दिला. रंगात येऊन सांगत होतो. बाई पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बुवा, तुमचं झालं का? तर मग मी चूल पेटवते. पोरं उपाशी आहेत."

आजकाल कीर्तनात स्वतःचे हाल सांगण्याची एक चाल पडली आहे. आमचे बालपण किती खडतर, आम्ही किती अनवाणी चाललो, हे पेटीच्या सुरावर सांगितले जाते आणि श्रोते डोळे पुसतात. आम्हांस यात वावगे एवढेच वाटते की आपला अनुभव दुसऱ्याला दाखविण्यासाठी नसतो. दुसऱ्याचे दिसावे यासाठी असतो. डोळ्यांत घालण्याचे अंजन हातावर घेऊन मिरविले तर त्याला काय म्हणावे?

चिंचपोकळीहून पश्चिमेस निघालो की आर्थर रोड लागतो. लोक अजून आर्थर रोडच म्हणतात, पण पाटीवर नाव आहे साने गुरुजी मार्ग. १९४७ च्या मे महिन्यात पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून ज्यांनी दहा दिवस उपोषण केले, तेच हे साने गुरुजी. विद्यार्थी असताना औंध संस्थानात त्यांनी हाताने रांधून, कधी अर्धपोटी राहून दिवस काढले. पुढे अंमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा मुले बाहेर गेली असता ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, कपडे आवरून ठेवीत. कोणी केले ते मुलांना आधी कळतही नसे. मुलांना लाज वाटे, आणि मग मुले स्वतः झाडू लागत. लाजेने शिकविणे म्हणतात ते हेही आहे, आणि आम्ही केले तेही. दोहोंत अंतर किती! त्या लाजेत पोराच्या हाती झाडू आला. आमच्या लाजेने पोराचे तोंड मिटले.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात दोन नाट्याचार्यांचे भांडण आहे. त्यात परिव्राजिका म्हणते की कोणाची विद्या स्वतःपाशी उत्तम असते, कोणाची दुसऱ्याला देण्यात. दोन्ही ज्याच्यापाशी चांगली, तो शिक्षकांत अग्रणी. हे आम्ही सतराव्या वर्षी पाठ केले. त्याचा अर्थ आबांनी विचारलेल्या एका प्रश्नाने कळला, आणि तेव्हा वर्ग रिकामा झाला होता.

आमचा वर्ग अजून भरतो. मुले पूर्वीपेक्षा थोडी आहेत; पुष्कळ घरे कल्याण-डोंबिवलीकडे, विरारकडे गेली. आता पहिला महिनाभर कोणालाही एकट्याला म्हणावयास सांगत नाही. चुकले तर आम्ही पुन्हा सगळ्यांकडून म्हणवून घेतो. कोण चुकले ते सांगत नाही. एवढ्यानेच आम्ही शहाणे झालो असे मात्र नाही. परवाच एका मुलाने टाळ उलटा धरला आणि जुना शब्द जिभेवर आला होता.

हा पाठ लिहून झाल्यावर आम्ही त्या शिक्षिका बाईंस बोलावून वाचून दाखविला, कारण प्रश्न त्यांचा होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. शेजारच्या बाईंविषयी त्या म्हणाल्या, "त्यांना विचारीन मी कधीतरी, लहानपणी कोणी एकानं तरी नीट सांगितलं होतं का म्हणून." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बुवा, त्या मुलाचं नाव काय होतं?"

आम्ही आठवून पाहिले. त्याच्या खोलीचा क्रमांक आठवला, आईचा चेहरा आठवला. नाव आठवेना. आम्ही ज्या नावाने त्याला हाक मारीत असू, ते तेवढे आठवले. ते आम्ही बाईंना सांगितले नाही.